कानाच्या ऑपरेशननंतर एमआरआयमध्ये चमकणारा डाग आला, म्हणजे कोलेस्टिएटोमा परत झालाच का?

नाही, एवढ्यावरून तसं ठरत नाही. वडिलांचं ऑपरेशन होऊन दीड वर्ष झालं, कान वाहत नाही, आणि आता रिपोर्टात ४ मिलिमीटरचा डाग आलाय, असं तुम्ही लिहिलंय. मी इंदूरला रेडिओलॉजिस्ट आहे, असे स्कॅन नेहमी वाचते.

कोलेस्टिएटोमा म्हणजे कानाच्या आत चुकीच्या जागी वाढणारी कातडीची गाठ. तिच्यात कातडीचा मृत थर, म्हणजे केराटिन साचतं. तिथे पाण्याच्या कणांची हालचाल अडते, म्हणून डिफ्युजनच्या, म्हणजे ही हालचाल टिपणाऱ्या एमआरआयच्या फोटोत ते पांढरं चमकतं. पण कानातला मळ, पू, कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमा (जुन्या रक्तस्रावाभोवती होणारी सुजेची गाठ) हेही चमकू शकतात. सर्जनने स्वतः बसवलेलं कार्टिलेज (कूर्चा) किंवा भरलेला हाडाचा भुगासुद्धा! मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडातली पोकळी उघडी ठेवली असेल तर तिच्यात खपल्या साचतातच. त्यात ओंकारेश्वरला डुबकी मारून कानात पाणी गेलं, तर पू व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून आधी ऑपरेशनची नोट मिळवा आणि स्कॅन वाचणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. देवास, धारहून पेशंट येतात, चिठ्ठीवर फक्त 'कानाचं ऑपरेशन झालंय' एवढंच असतं. आत काय बसवलंय हे कळल्याशिवाय मी डागाबद्दल ठामपणे काय लिहू? मग ईएनटी डॉक्टरांकडून मायक्रोस्कोपखाली कान साफ करून घ्या. खरं तर हे स्कॅनच्या आधीच व्हायला हवं.

डिफ्युजन 'नॉन-ईपीआय' पद्धतीने केलं होतं का, तेही विचारा. जुन्या ईपीआय पद्धतीत हवा आणि हाड जिथे भिडतात तिथे खोटी चमक उमटते. शिवाय तोच डाग टी-वन या एमआरआयच्याच दुसऱ्या प्रकारच्या फोटोत पांढरा असेल तर कोलेस्टेरॉल ग्रॅन्युलोमाकडे संशय जातो. एडीसी मॅपवर, म्हणजे पाण्याची हालचाल मोजून दाखवणाऱ्या फोटोत, काळा नसेल तर कोलेस्टिएटोमाची शक्यता कमी होते. सीटी स्कॅनमध्ये व्रण आणि कोलेस्टिएटोमा सारखेच दिसतात, त्यामुळे केवळ शंका फेडायला तो करू नका.

इतकं करूनही शंका उरली आणि वडिलांना त्रास नसेल, तर बरेच सर्जन सहा महिने ते वर्षभराने पुन्हा एमआरआय करतात. कोलेस्टिएटोमा असेल तर सहसा वाढलेला दिसतो, कार्टिलेज आहे तेवढंच राहतं. ती तारीख मात्र चुकवू नका. खरोखर उरलेला रोग आतल्या आत हाड खात राहतो.

चेहरा वाकडा होणं, गरगरणं, तापासोबत डोकेदुखी, कानातून घाण वासाचा पू, यातलं काहीही दिसलं तर पुढच्या स्कॅनची वाट न पाहता त्याच दिवशी सर्जनला गाठा.