स्पीड स्केटर वळणावर वेग घेतात, माझी मुलगी मात्र तिथेच हळू होते. असं का?

तुमची मुलगी सोलापुरात इनलाइन स्केटिंग शिकते, सरळ छान पळते आणि वळण आलं की पाय थांबवते, असं तुम्ही लिहिलंय. मी इथल्याच एका शाळेच्या मैदानावर सकाळी मुलांना शिकवतो. पालकांकडून हा प्रश्न नेहमी येतो.

टीव्हीवर बर्फावरचे स्केटर पाहताना नजर त्यांच्या झुकण्यावर जाते. म्हणून मुलांनाही सगळे "झुक, अजून झुक" असं ओरडतात. पण किती झुकायचं हे वेग आणि वळणाची त्रिज्याच ठरवते. ४०० मीटरच्या ओव्हलवर, म्हणजे बर्फाच्या लंबगोल ट्रॅकवर, आतल्या वळणाची त्रिज्या साधारण २५-२६ मीटर असते. तिथे सेकंदाला १५ मीटर वेगाने शिरलं, की शरीर उभ्या रेषेपासून सुमारे ४१ अंश कलावंच लागतं आणि पायांवर वजनाच्या १.३ पट भार येतो, तोही गुडघे खोल वाकलेले असताना! बर्फात पात्याची धार रुतते, म्हणून ते शक्य होतं. तुमची मुलगी सेकंदाला ५ मीटर वेगाने ४ मीटर त्रिज्येत वळली तर तिला ३३ अंश झुकावं लागेल. धुळीच्या सिमेंटवर चाकांना तेवढी पकड मिळत नाही. तेव्हा तिला भित्री म्हणू नका, वर्तुळ मोठं करा.

वेग मिळतो तो डाव्या पायामुळे. सरळ रेषेत एक पाय उजवीकडे रेटतो, दुसरा डावीकडे. वळण डावीकडे असतं, म्हणून तिथे दोन्ही पाय उजवीकडे, म्हणजे बाहेरच रेटतात. उजवा पाय स्केटच्या आतल्या कडेवर. डावा मात्र बाहेरच्या कडेवर, शरीराच्या खालून पलीकडे सरकत. आपल्याला उजवा पाय ओलांडताना दिसतो. त्याच क्षणी खाली डावा पाय काम करत असतो. दोरीला बांधलेला दगड फिरवताना दोरी आत ओढली की दगड वेग घेतो. इथे पाय लांबवून स्केटर स्वतःचं शरीर वर्तुळाच्या आत ढकलतो, आणि त्याचाच वेग होतो. बहुतेक मुलं उजवा पाय नुसता उचलून पुढे ठेवतात, डाव्याने रेटतच नाहीत.

रेटा टाचेकडून द्यायला सांगा, चवड्याने मागे मारायला नको. ॲमस्टरडॅमच्या व्रिजे विद्यापीठातले खेरिट यान फान इंगेन स्खेनाऊ यांनी क्लॅप स्केटचा विचार मांडला तो याच अडचणीतून: घोटा पूर्ण ताणला तर पात्याचं टोक बर्फात घुसायचं. क्लॅप स्केटमध्ये बुटाची टाच पात्यापासून मोकळी आणि पुढे बिजागरी असते, त्यामुळे पातं शेवटपर्यंत बर्फावर टेकलेलं राहतं. १९९८च्या नागानो ऑलिम्पिकमध्ये या स्केटने जुने विक्रम धडाधड मोडले. तुमच्या मुलीच्या स्केटला बिजागरी नाही, त्यामुळे रेटताना सगळी चाकं जमिनीवर हवीत.

घरी एक सराव करून घ्या. स्केट्स काढा. चादरीची लांब घडी तिच्या कमरेभोवती घाला आणि तिच्या उजव्या बाजूला उभं राहून दोन्ही टोकं घट्ट धरा. ती डावीकडे भार टाकून झुकेल आणि पाय ओलांडत डावीकडे सरकेल. तुम्ही ताण न सोडता सोबत चाला. तिला फक्त डाव्या मांडीकडे लक्ष द्यायला सांगा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कुल्ल्याजवळ जळजळ झाली तर रेटा बरोबर लागतोय. मैदानावर मग आधी झाडू मारा, चाकं पुसा आणि मोठ्या वर्तुळात संथपणे हेच करू द्या.