मामांचं एडिसनचं घर तुमच्या नावे, राहायचा हक्क मामींना: न्यू जर्सीला येण्याआधी हे वाचा

ताई, आधी मुद्द्याचं सांगतो. जूनमध्ये मुलांना घेऊन आलात की थेट मामांच्या घरी सामान उतरवायचं, हा बेत सोडून द्या आणि भाड्याच्या घरासाठी आत्तापासून पैसे बाजूला काढा.

तुमच्या लिहिण्यावरून मला कळलं ते असं. मामा गेले. मृत्युपत्रात त्यांनी न्यू जर्सीतल्या एडिसन गावचं घर तुम्हाला, म्हणजे भाचीला दिलं. पण दुसऱ्या पत्नीला, तुमच्या मामींना, हयात असेपर्यंत तिथे राहायचा हक्क ठेवला. तुमच्या यजमानांना कंपनी एल-१ व्हिसावर इकडे पाठवतेय आणि "घर आपलंच आहे तर भाडं कशाला भरायचं" असं नाशिकला सगळे म्हणताहेत.

इकडे याला लाइफ इस्टेट म्हणतात. मामी लाइफ टेनंट, म्हणजे हयातभर घर वापरणाऱ्या; तुम्ही रिमेंडरमन, म्हणजे त्यांच्या पश्चात ज्यांना पूर्ण घर मिळतं त्या. घरात तुमचा हक्क आजच आहे, पण ताबा मामींचा आहे आणि त्या असेपर्यंत त्यांचाच राहणार. त्या एकट्या राहोत, बहिणीला आणून ठेवोत, नाहीतर घर भाड्याने देऊन भाडं स्वतःकडे ठेवोत, तुमची परवानगी लागत नाही. त्यांनी राजीखुशीनं बोलावलं तर जरूर राहा, पण ते त्यांच्या घरी राहणं झालं. खर्चात तुमचा वाटा किती आणि किती महिने राहणार, हे दोघींनी सही करून कागदावर ठेवा. घराचा व्हिसासाठी काडीचा उपयोग नाही, आणि मुलांच्या शाळेसाठीही नुसती मालकी पुरत नाही. इथली सरकारी शाळा तुम्ही प्रत्यक्ष जिथे राहता त्या गावची मिळते.

आता कागद. सगळ्यात आधी मृत्युपत्र बाजूला ठेवा आणि घराचं डीड, म्हणजे खरेदीखत, बघा. एडिसन मिडलसेक्स काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं. डीडची नोंद न्यू ब्रन्सविकला काउंटी क्लार्ककडे असते आणि ती कुणालाही पाहता येते. घर मामा-मामींनी लग्नानंतर दोघांच्या नावाने घेतलं असेल, तर न्यू जर्सीत ते सहसा "टेनन्सी बाय द एंटायरिटी" धरलं जातं. तसं असेल तर मामांच्या मृत्यूबरोबर ते घर आपोआप पूर्णपणे मामींचं झालं आणि मृत्युपत्रातल्या त्या कलमाला अर्थ उरला नाही. हे तपासल्याशिवाय एकाही वकिलाला मोठी फी देऊ नका.

डीड एकट्या मामांच्या नावावर निघालं, तर मृत्युपत्रातला तो परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. "लाइफ इस्टेट" लिहिलंय की फक्त "राहण्याचा हक्क"? नुसता राहण्याचा हक्क बहुधा व्यक्तीपुरता असतो, त्यात घर भाड्याने देणं बसत नाही. "पुनर्विवाह होईपर्यंत" किंवा "घर कायमचं सोडेपर्यंत" अशी अट आहे का? मामी नर्सिंग होममध्ये, म्हणजे इकडच्या वृद्धांच्या देखभाल केंद्रात, गेल्या तर काय, हे त्यावर ठरतं. अट नसेल तर त्या तिकडे गेल्या तरी हक्क चालू राहतो. आणि तुमच्या बाबतीत "ती मामींच्या पश्चात हयात असेल तर" असं लिहिलंय का? असेल आणि तुम्ही आधी गेलात, तर तुमच्या मुलांना काही मिळणार नाही. नसेल, तर तुमचा हिस्सा तुमच्या वारसांकडे जातो. मात्र तुम्ही तेव्हा भारतात स्थायिक असलात तर अमेरिकेच्या इस्टेट टॅक्ससाठी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरच्या करासाठी, सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंतची असते. इकडच्यांना मिळणारी मोठी सूट परदेशी माणसाला लागू नाही.

तुमच्या भावाला जी भीती आहे, की मामी हळूहळू घर स्वतःचं करून घेतील, ती आपल्याकडच्या कायद्यातून आली असावी. हिंदू वारसा कायदा, १९५६ च्या कलम १४ मुळे, पोटगीच्या हक्कापोटी विधवेला दिलेला मर्यादित हक्क पूर्ण मालकीत बदलू शकतो. १९७७ च्या तुळसम्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितलं. एडिसनच्या जमिनीला तो कायदा लागत नाही. तिथे न्यू जर्सीचा कायदा चालतो. त्या कायद्यात मामींना दुसरा एक मार्ग मात्र आहे: मृत्युपत्रातून मिळालेलं कमी वाटलं, तर एक्झिक्युटरची, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याची, नेमणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत पत्नी म्हणून एक तृतीयांशाच्या हिशेबाने वाटा मागता येतो. त्यांनी तो मागितला, तर तो त्यांचा हक्क आहे. त्यावरून नातं तोडू नका.

खर्चाचं नीट समजून घ्या, कारण भांडणं इथेच होतात. घरपट्टी म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स मामींनी भरायचा. तो फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरच्या १ तारखेला येतो आणि न्यू जर्सीतला हा टॅक्स साऱ्या देशातल्या सर्वांत जबर टॅक्सांपैकी आहे. रोजची डागडुजीही त्यांची. कर्ज असेल तर व्याज त्यांचं, मुद्दल तुमचं. घराची नासधूस करायला, पाडापाडी करायला त्यांना मनाई आहे आणि तसं झालं तर तुम्ही कोर्टात जाऊ शकता. पण छप्पर नवं घालणं, हीटिंगची सगळी यंत्रणा बदलणं, असल्या मोठ्या कामांची सक्ती सहसा कुणावरच नाही. मग छप्पर गळत राहतं आणि दोन्ही घरं एकमेकांकडे बघत बसतात.

आमच्या घरात हीच व्यवस्था होती. माझ्या सासऱ्यांनी घर माझ्या बायकोला आणि मेहुण्याला दिलं आणि सावत्र सासूबाईंना तहहयात हक्क. चिमणीजवळच्या छताला आधी चहाच्या रंगाचा डाग दिसला, मग पावसाळी दिवसांत थेंब. रूफर, म्हणजे छप्पर दुरुस्त करणारा, शिडीवरून उतरला तो हातात शिंगलचा, म्हणजे छपरावरच्या पट्टीचा, तुकडा घेऊन. बोटांनी दाबला तर वरची खडी वाळूसारखी गळून पडली, म्हणजे ठिगळ लावून भागणार नव्हतं. सासूबाईंचं उत्पन्न म्हणजे सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे सरकारी पेन्शनचा, चेक. आम्ही छप्पर घातलं, त्यांनी टॅक्स आणि विमा वेळेवर भरायचं मान्य केलं, आणि वकिलाने दोन पानांचा करार लिहिला. पुढे त्या असेपर्यंत या घरावरून आवाज चढला नाही. तुम्हीही असा करार पहिल्याच वर्षी करा, काही गळायच्या आधी.

टॅक्स थकला तर टाउनशिप, म्हणजे गावचं प्रशासन, थकबाकी लिलावात काढते, त्यावर १८ टक्क्यांपर्यंत व्याज चढू शकतं, आणि शेवटी जप्ती आली तर तुमचा हिस्साही जातो. टॅक्स भरलाय की नाही ही माहिती खुली असते; दर तिमाहीला बघत जा. वेळ आली तर स्वतः भरून टाका, ती रक्कम मामींकडून मागता येते. विम्याचं तर आणखी जपून. तुमच्या हिश्शासाठी विमा उतरवण्याचं बंधन मामींवर आपोआप येत नाही. त्यांच्या पॉलिसीत तुमचं नाव घालून घ्या, आणि घर बरेच दिवस रिकामं राहिलं तर विमा कंपनीला कळवा.

घर जुनं असेल तर आणखी एक. पाया आणि अंगण मिळतात तिथे, भिंतीलगत जमिनीतून वर आलेल्या दोन लोखंडी नळ्या शोधा. एकातून तेल भरायचं, दुसरी हवेसाठी. त्या असल्या तर खाली हीटिंग ऑइलची टाकी पुरलेली असण्याची दाट शक्यता. ती गळली तर माती साफ करायचा खर्च छपराच्या कित्येक पट होऊ शकतो. मामींच्या परवानगीने तपासणी करून घ्या.

विकायचं म्हटलं तर पूर्ण घर दोघींच्या सहीशिवाय विकता येत नाही. दोघी तयार असाल तर मामींच्या वयावरून कोष्टकाप्रमाणे हिस्से काढता येतात; वय जितकं जास्त, तितका त्यांचा वाटा कमी. तुमचा एकटीचा हिस्सा विकता येतो, पण त्याला भाव पडून मिळतो.

करांत पहिला म्हणजे न्यू जर्सीचा इनहेरिटन्स टॅक्स, म्हणजे वारसा मिळणाऱ्यावरचा कर. पत्नीला आणि मुलांना तो माफ आहे, भाचीला नाही. ७ लाख डॉलरपर्यंत १५ टक्के, त्यावर १६. तुमच्या बाबतीत मामींचा हिस्सा वजा करून उरलेल्या किमतीवर तो धरतात, आणि मृत्यूपासून आठ महिन्यांत भरायचा असतो. तो मामांच्या इस्टेटीतून जाणार की तुमच्या खिशातून, हे मृत्युपत्रात शोधा. घर हातात नसताना ही रक्कम उभी करावी लागू शकते, म्हणून एक्झिक्युटरला याच आठवड्यात विचारा. सोबत मामांच्या मृत्यूच्या तारखेचं मूल्यांकन करून घ्यायला सांगा. पुढे कधी घर विकाल तेव्हा नफा सहसा त्याच किमतीपासून मोजतात, मामींच्या मृत्यूच्या दिवशीच्या नाही. आणि विकताना तुम्ही करासाठी परदेशी असाल, तर फिर्प्टा कायद्याखाली विक्रीच्या रकमेतले १५ टक्के आधीच कापले जातात, मग रिटर्न भरून हिशेब करावा लागतो.

भारताच्या बाजूने फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, अडचण नाही. परदेशात राहणाऱ्याकडून वारशाने आलेली तिकडची मालमत्ता भारतात राहूनही ठेवता येते. पण ज्या वर्षी तुम्ही भारतात पूर्ण रहिवासी आहात, त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेचा तक्ता, भरताना हा हिस्सा दाखवा, ताबा नसला तरी. २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली न दाखवल्याचा दंड १० लाख रुपये आहे. सीएंना डीड आणि मृत्युपत्र दोन्हींची प्रत द्या.

आणि मामींना फोन वकिलाच्या आधी तुम्ही स्वतः करा. घर रिकामं करायला कुणी सांगणार नाही, हे त्यांना तुमच्या तोंडून कळू दे. टॅक्सचं, विम्याचं आणि टाकीचं बोलणं दुसऱ्या फोनला.