वाचकांचे प्रश्न : चार महिन्यांनंतरची सिगारेट

प्रश्न : माझे वय ४३ असून इचलकरंजीत माझे यंत्रमाग आहेत. वीस वर्षांची, दिवसाला दहा-बारा सिगारेटींची सवय मी दसऱ्याला सोडली आणि चार महिने एक झुरकाही घेतला नाही. सासऱ्यांच्या अंत्यविधीनंतर स्मशानाबाहेर एका नातेवाइकाने सिगारेट पुढे केली आणि मी ती ओढली. गेले अकरा दिवस कारखान्यासमोरच्या टपरीवर चहाबरोबर रोज तीन-चार सुट्या सिगारेटी होत आहेत. पत्नीला माहीत नाही. घरी जाताना मी वेलची चघळतो. चार महिने पाण्यात गेले असे वाटते. पाडव्यापासून नव्याने सोडावी का?
— एक वाचक

उत्तर : पाडव्याची वाट पाहू नये. मुहूर्त ठरला की तोवरचे दिवस ‘आता या शेवटच्याच’ असे म्हणत ओढण्यात जातात आणि तीनाच्या पुन्हा दहा कधी झाल्या ते कळत नाही.

चार महिने पाण्यात गेले, हा हिशेबही मला मान्य नाही. सिगारेट सोडल्यावर होणारी चिडचिड, झोपमोड आणि बेचैनी पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते व साधारणपणे महिनाभरात ओसरते. तो सगळा काळ आपण निभावून नेला होता. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांनी एकदा तोल जाणे आणि सवय पूर्णपणे परतणे या दोन वेगळ्या गोष्टी मानल्या. एका चुकीवरून माणूस ‘आपल्याला हे जमणारच नाही’ असे ठरवून टाकतो आणि पुढच्या सिगारेटी त्या निराशेपोटी ओढल्या जातात, असे त्यांचे प्रतिपादन होते. स्मशानाबाहेरची सिगारेट दुःखाची होती, हे समजू शकते. दुसऱ्या दिवशी टपरीवर घेतलेली मात्र, माझ्या मते, अपराधीपणाची होती.

‘तीन-चारच तर आहेत’ या विचाराने स्वतःची समजूत घालू नये. रोज वीस सिगारेटी ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा धोका जेवढा वाढतो, त्याच्या जवळजवळ निम्मी वाढ रोज एकच ओढणाऱ्यातही आढळते, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात दिसून आले आहे.

पुढचे काही आठवडे चहा कारखान्यातच मागवावा. तलफ काही मिनिटांत उतरते, पण टपरीसमोर उभे राहून ती मिनिटे काढणे फार अवघड असते. दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. मात्र ते पानासारखे सतत चघळायचे नसते. सावकाश चावून तोंडात चुरचुरल्यासारखे वाटले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवावे, चव गेली की पुन्हा थोडे चावावे. सतत चघळल्यास निकोटिन थुंकीबरोबर पोटात जाते, उचक्या लागतात आणि तलफ तशीच राहते. चहा घेतल्यावर लगेच ते तोंडात टाकू नये, पंधरा मिनिटे जाऊ द्यावीत. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. (सिगारेटऐवजी मावा, हा आपल्या भागातला तोडगा कृपया करू नये, तोही तंबाखूच आहे.)

आता वेलचीविषयी. तिने वास जातो हा ओढणाऱ्यांचा जुना गैरसमज आहे. बोटांना आणि शर्टाला तो राहतोच, त्यामुळे पत्नीला बहुधा कळलेलेही असेल. त्या पितृशोकात आहेत म्हणून आपण बोलणे टाळत असाल, तर ती काळजी योग्यच आहे, परंतु लपवून ओढण्यासाठी रोज नवी सबब शोधावी लागते आणि सवयीला तेवढाच आडोसा पुरतो. कारण न सांगता, नातेवाइकाला दोष न देता, दोन वाक्यांत त्यांना सांगून टाकावे.

आणखी एक. सुट्या सिगारेटींच्या विक्रीवर महाराष्ट्रात २०२० मध्येच बंदी आली असली, तरी आपल्याला त्या मिळत आहेत. पाकिटावर सवय सोडण्यासाठी मदतीचा सरकारी क्रमांक छापलेला असतो. सुटी घेणाऱ्याच्या तो नजरेस पडत नाही, म्हणून येथे देतो : १८००-११-२३५६. त्यावर फोन करण्यास पैसे पडत नाहीत.