गोठ्याचे पाणी ओढ्यात नको, उसात सोडा

प्रश्न : आमच्याकडे आठ एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाई आहेत. पाच दुभत्या, तीन भाकड. गोठा धुतलेले पाणी ओढ्यात जाते म्हणून गावात तक्रार झाली आहे. दुधाचा सध्याचा दर पाहता यासाठी खर्च करणे परवडेल का?
– एक दूध उत्पादक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : नमस्कार. तक्रार रास्त आहे. तुमच्या भागातले ओढे शेवटी कृष्णेला नाहीतर वारणेला मिळतात आणि खालची गावे तेच पाणी पितात. पण जे वाहून जाते ते काय आहे, हेही बघा. गाईने बाहेर टाकलेले बहुतेक पालाश आणि बरेचसे नत्र मूत्रात असते. म्हणजे उसासाठी तुम्ही पोत्याने विकत आणता तेच खत रोज ओढ्यात चालले आहे.

गोठ्याला एका बाजूला उतार देऊन नाली काढा आणि टाकी बांधा. धुण्याआधी शेण खोऱ्याने ओढून घेतले की पाणी बरेच कमी लागते. टाकीतले पाणी पाटाच्या पाण्यात मिसळून उसाला द्या, मात्र मुसळधार पावसात सोडू नका. आठ गाईंचे शेण दिवसाला शंभर किलोच्या वरच भरेल. दोन घनमीटरच्या गोबरगॅसला रोज ५० किलो शेण आणि तेवढेच पाणी लागते; त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो, गॅस निघाल्यावर उरलेली शेणाची स्लरी शेताला मिळते. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करा.

मला जास्त काळजी वाटते ती तीन भाकड गाईंची. गाईने खाल्लेल्या चाऱ्यातील साधारण सहा टक्के ऊर्जा ढेकरांतून मिथेन होऊन जाते. दुभत्या गाईचे निदान दूध तरी मिळते. भाकड गाईचा चाराही जातो आणि हवाही बिघडते. व्याल्यानंतर ६० ते ९० दिवसांत माज ओळखून रेतन व्हायला हवे. गाय वारंवार उलटत असेल, म्हणजे रेतन करूनही गाभण न राहता पुन्हा माजावर येत असेल, तर आधी खुराक तपासा. गाळप हंगामात वाढे (उसाचे हिरवे शेंडे) स्वस्त मिळतात म्हणून आपल्याकडे अनेक जण नुसत्या वाढ्यांवर भागवतात. त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, ते गाईच्या अंगी लागत नाही. सोबत लसूणघास, मक्याचा मुरघास आणि रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्या.

पैसे एकदम नसतील तर आधी नाली आणि टाकी करा, गोबरगॅस उन्हाळ्यात बांधता येईल. पण तिन्ही भाकड गाई या आठवड्यातच पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून घ्या.