रेग्युलेटरची कंपनी डबघाईला आली, आता सुटे भाग कुठून आणायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दुबईत असताना घेतलेला ॲक्वालंगचा टायटन रेग्युलेटर (पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासाला देणारं उपकरण) पुण्यात पडून आहे, कंपनी अडचणीत असल्याचं वाचलंत, आणि दुकानदार म्हणतो दुरुस्तीच्या भागांचं किट येत नाही, नवाच घ्या. तर फेकायचा का?

नका फेकू. निदान अजून तरी.

मी मालवणात एका डाइव्ह सेंटरचं सामान सांभाळतो. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की बाहेर पागोळ्या आणि आत माझ्या टेबलावर उघडी पडलेली रेग्युलेटरं, असे तीन महिने जातात. त्यामुळे "किट येत नाही" हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. निम्म्या वेळा त्याचा अर्थ "माझ्याकडे येत नाही" एवढाच असतो.

आधी कंपनीचं. ॲक्वालंग हे काही आज आलं, उद्या गेलं असं नाव नाही. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यॉ यांनी जो रेग्युलेटर केला, त्याचंच हे नाव. गान्यॉ ज्या एअर लिक्विड या गॅस कंपनीत इंजिनिअर होता, त्या एअर लिक्विडकडेच हा धंदा कित्येक दशकं होता. २०१६ च्या शेवटी त्यांनी तो एका गुंतवणूक कंपनीला विकला, पुढे कर्ज आणि घसरण झाली, आणि २०२५ मध्ये मॅरेस या डाइव्हिंग ब्रँडच्या मालकांनी, म्हणजे हेडने, तो घेतला. त्यांचा दुसरा ब्रँड ॲपेक्सही त्याच सौद्यात गेला. म्हणजे कंपनी बुडाली नाही, मालक बदलला. पण मालक बदलताना गोदामं हलतात, वितरक बदलतात, जुन्या मॉडेलांची यादी कोणीतरी कात्री घेऊन बसून छाटतो. तुमच्या दुकानदाराला नेमका तोच फटका बसलेला असू शकतो. याच हेडने पूर्वी अमेरिकेतली डेकॉर ही डाइव्हिंग सामानाची कंपनी घेतली होती आणि पुढे ते नाव बाजारातून गेलं. उलट ओशनिक आणि हॉलिस हे ब्रँड २०१७ मध्ये दुसऱ्याच्या हाती गेले, ती नावं मात्र चालू राहिली. म्हणून मालक बदलल्यावर मी एकच करतो. आपल्या मॉडेलची दोन-तीन किटं मिळत असतील तेव्हाच उचलून ठेवतो.

आता मुद्द्याचं. कंपनीच्या मागे लागण्याआधी भाग कोणता हवाय ते ओळखा. किट म्हणजे एक पुडी, आणि त्या पुडीतला बराचसा ऐवज कंपनीचा नसतोच. ओ-रिंगा घ्या, म्हणजे हवा गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी. त्यांची अमेरिकन मापं ठरलेली आहेत. सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या तोंडावरची ०१४, प्रेशर गेजची नळी जिथे फर्स्ट स्टेजला (सिलिंडरवर बसणाऱ्या भागाला) लागते तिथली ९०४, आणि गेजच्या फिरत्या पिनवरच्या त्या दोन बारीक, डोळ्यांना दिसत नाहीत अशा ००३. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे आकडे सांगितले की दुकानदार तुम्हाला डाइव्हिंग-बिइव्हिंग काही विचारत नाही. एवढंच विचारतो, "नायट्राइल ना? शोअर किती, सत्तर की नव्वद?" नायट्राइल हा रबराचा प्रकार, शोअर म्हणजे त्याचा कडकपणा. व्हॉल्व्हच्या तोंडावर सारखी काढ-घाल होते म्हणून तिथे मी ९० घेतो.

खरी अडचण दोन-तीन भागांची असते. हाय प्रेशर सीट (हवा अडवणारी गादी), डायफ्राम (लवचिक पडदा) आणि सेकंड स्टेजची, म्हणजे तोंडात धरायच्या भागाची, लो प्रेशर सीट. हे प्रत्येकाच्या साच्यातले असतात, यांना पर्याय गल्लीत मिळत नाही. मी एकदा मिळवला होता. हुबेहूब दिसणारी सीट, निम्म्या किमतीत. बसवली, नळीतला दाब मोजायचा गेज लावला. फर्स्ट स्टेज सिलिंडरचे २०० बार खाली आणून नळीत साधारण साडेनऊ बार सोडते, आणि सुई तिथे जाऊन गप्प बसायला हवी. माझी सुई साडेनऊला थांबली, मग दहा, मग मुंगीच्या चालीने अकरा, बारा. तेराच्या पुढे सेकंड स्टेजने शिट्टी घातली. भिंगातून पाहिलं तर सीटवर धातूच्या कडेचा जो गोल ठसा उमटतो तो एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला जेमतेम. जाडीत केसाएवढा फरक असावा. स्वस्त सीट कचऱ्यात गेली, आणि तेव्हापासून या तीन भागांत मी नक्कल वापरत नाही.

तो गेज तुम्हीही घ्या. जॅकेटमध्ये हवा भरणाऱ्या इन्फ्लेटर नळीला लागतो, फार महाग नाही. सुई स्थिर असेल आणि नुसती सेकंड स्टेज फुसफुसत असेल तर पूर्ण किटाची गरजच नसेल कदाचित.

तुमचं नशीब असं की टायटन हा यूएस डायव्हर्स या ॲक्वालंगच्याच अमेरिकन शाखेच्या जुन्या कॉनशेल्फ मॉडेलच्या घराण्यातला. हा साचा इतका चालला की इतरांनीही तो उचलला. म्हणून अशा रेग्युलेटरची किटं जुन्या दुकानांच्या कपाटांत अजून निघतात. शोधताना "टायटनचं किट" असं मोघम विचारू नका, टायटनमध्येही प्रकार आहेत. फर्स्ट स्टेजवर कोरलेलं नाव आणि सिरीयल नंबर, सेकंड स्टेजवरचं नाव, आणि सिलिंडरला जोडणी योकची (कमानीची) की डिनची (आट्यांची), एवढं फोटोसकट पाठवा. अमेरिकेत बऱ्याचदा किट फक्त अधिकृत विक्रेत्यालाच मिळतं, युरोपातली कित्येक दुकानं मात्र सरळ ग्राहकालाही विकतात. पोस्टाने मागवलं तर ड्युटी आणि वाट बघणं आलंच. आमच्याकडे कोकणात याला जुना उपाय आहे: गल्फमधून सुट्टीवर येणारा भाचा. किट काडेपेटीएवढं असतं, बॅगेत कुठेही मावतं. तुमचे दुबईचे जुने सहकारी कधी येताहेत बघा. जिथे घेतलात तिथलाच विक्रेता अजून असेल तर आधी त्याला विचारा.

मिळालेलं किट स्वतः बसवायला मात्र बसू नका, गेज आणि अवजारं असलेल्या माणसाकडे द्या. उघडल्यावर जुने भाग परत मागून घ्या. फिल्टर हिरवा पडलेला असेल तर आत खारं पाणी गेलं होतं, ते तुम्हाला कळायलाच हवं. आणि ग्रीसच्या नावाखाली कोणी व्हॅसलीन लावत असेल तर हात धरा. दाबाखालची हवा आणि पेट्रोलियमचा चिकट पदार्थ एकत्र नको, काही प्रकारचं रबरही त्याने फुगतं. सिलिकॉन ग्रीसच, आणि जास्त ऑक्सिजनच्या मिश्रणाला तेही नाही, त्याचं ग्रीस वेगळं.

सोडायचा कधी? सीट जिच्यावर टेकते ती धातूची कड तपासायला सांगा. तिचा टवका उडालेला असेल तर नवी सीटही चार डाइव्हमध्ये गळायला लागते. काही मॉडेलांत ती कड वेगळी निघते, काहींत ती बॉडीचाच भाग असते. तसं असेल तर फर्स्ट स्टेजचा नाद सोडा. पण सेकंड स्टेज फेकू नका. नळ्यांचे आटे सगळीकडे बहुतेक सारखेच असतात, त्यामुळे दुसऱ्या कंपनीच्या फर्स्ट स्टेजवर ती चालते, फक्त दाब त्याप्रमाणे जुळवून घ्यावा लागतो. अपवाद पोसायडन कंपनीच्या काही सेकंड स्टेजांचा, त्यांचा व्हॉल्व्ह उलट्या दिशेने उघडतो. तुमचा तो प्रश्न नाही.

फर्स्ट स्टेजवरचं कोरलेलं इथे टाका. माझ्या डब्यात टायटनचे दोन जुने डायफ्राम आहेत, निदान माप तरी लावून सांगतो.