वाचकांचे प्रश्न : खलाशाच्या कागदावर झालेली सुटका

प्रश्न : आमच्या घरी तीन पिढ्या लाकडी होड्या बांधण्याचे काम झाले. अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी चळवळीचे नेते फ्रेडरिक डग्लस हे गुलाम असताना जहाजांच्या कारखान्यात फळ्यांचे सांधे बुजवण्याचे काम करत, असे वाचले. बंदरातच वावरणारा हा माणूस जहाजातून न पळता आगगाडीने का पळाला? आणि ही हकिगत त्यांनी आपल्या पहिल्या आत्मचरित्रात का सांगितली नाही?
– एक वाचक, हर्णै (ता. दापोली)

उत्तर : डग्लस यांचा पहिला बेत पाण्यातूनच पळण्याचा होता. त्यांचा जन्म 1818 च्या सुमारास मेरीलँडमध्ये, चेसापीक उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावर झाला. 1836 मध्ये सोबत्यांसह एक मोठी होडी घेऊन उपसागराच्या उत्तर टोकापर्यंत वल्हवत जायचे आणि तिथून पुढे पायी निघायचे, असे त्यांनी ठरवले होते. मालकाच्या नावाचे खोटे परवानेही त्यांनी स्वतः लिहिले होते. मात्र बेत फुटला आणि निघायच्या दिवशीच सर्वांना पकडण्यात आले. तेव्हा डग्लस यांनी आपला परवाना विस्तवात टाकला आणि सोबत्याला त्याचा परवाना बिस्किटाबरोबर खाऊन टाकायला सांगितले.

हे परवाने लिहिता आले, त्यामागेही जहाजांचा कारखाना होता. मेरीलँडमधील बाल्टिमोर या बंदराच्या शहरात मालकिणीने त्यांना मुळाक्षरे शिकवायला घेतली आणि मालकाने ते शिक्षण बंद पाडले. त्यानंतर, तासलेली फळी जहाजाच्या डाव्या बाजूची की उजव्या, पुढची की मागची, हे कळावे म्हणून सुतार तिच्यावर जी अक्षरे लिहीत, ती पाहून हा मुलगा लिहायला शिकला. होडीच्या फळ्यांवर खुणा करणारे हात आपण घरात पाहिले असतील, म्हणून हा तपशील मुद्दाम सांगितला.

पुढे सांधे बुजवण्याच्या कामात ते इतके तरबेज झाले की दिवसाला दीड डॉलर मिळवू लागले; पण कामाचा करार स्वतः करून, मजुरी स्वतः वसूल करून, ती आठवड्याच्या शेवटी मालकाच्या हातावर ठेवावी लागे. या रोजच्या अन्यायाने त्यांचा निश्चय जितका पक्का केला, तितका चाबकाने केला नसावा, असे मला वाटते.

3 सप्टेंबर 1838 रोजी त्यांनी खलाशाचा वेश केला. स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला प्रवासात आपण गुलाम नसल्याचा दाखला जवळ ठेवावा लागे, आणि त्यात त्याचे वर्णन लिहिलेले असे. डग्लस यांनी एका खलाशी मित्राचा कागद उसना घेतला. त्यातील वर्णन त्यांच्याशी जुळत नव्हते, पण वर अमेरिकेच्या गरुडाचे चित्र होते. तिकिटाच्या खिडकीवरची तपासणी टाळण्यासाठी ते गाडी सुटता सुटता चढले. बाल्टिमोरमध्ये खलाशांना मान होता. गार्डने गरुडाकडे पाहिले, वर्णन वाचले नाही. नाळेपासून सुकाणूपर्यंतची जहाजाची भाषा अवगत असल्यामुळे त्यांचे सोंगही निभावले. आगगाडी, नदीवरची फेरीबोट, आगबोट आणि पुन्हा आगगाडी असा प्रवास करून चोवीस तासांच्या आत ते न्यूयॉर्कला पोहोचले. ॲना मरे या स्वतंत्र कृष्णवर्णीय तरुणीने आपल्या बचतीतून त्यांना मदत केली होती. 15 सप्टेंबरला दोघांचे लग्न झाले.

आता दुसरा भाग. 1845 च्या आत्मचरित्रात आपण सुटकेची रीत सांगणार नाही, असे त्यांनी उघडच लिहिले. सांगितली असती तर मदत करणारे संकटात आले असते आणि मागून येणाऱ्यांची वाट बंद झाली असती. पळून येणाऱ्यांना साहाय्य करणारी काही मंडळी आपले काम जाहीरपणे सांगत, त्यांच्यावरही त्यांनी टीका केली, कारण त्यातून सावध होत तो मालकच. गुलामगिरी 1865 मध्ये कायद्याने संपली आणि संपूर्ण हकिगत त्यांच्या 1881 च्या आत्मचरित्रात आली. ज्या गोष्टीने पुस्तक सर्वांत रंजक झाले असते, ती त्यांनी इतकी वर्षे पुस्तकाबाहेर ठेवली, याचे मोल मला फार मोठे वाटते.

प्रश्न : उत्तरेत, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यांत, पोहोचल्यावर डग्लस कायद्याने स्वतंत्र झाले का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : नाही. पुस्तकात मालकांची नावे छापल्याने पकडले जाण्याचा धोका वाढला, म्हणून ते 1845 मध्ये आयर्लंड व ब्रिटनला गेले. तेथील स्नेह्यांनी 150 पौंड जमवून 1846 मध्ये त्यांचे स्वातंत्र्य विकत घेतले. पैसे देणे म्हणजे मालकी मान्य करणे, असा आक्षेप त्यांच्याच काही सहकाऱ्यांनी घेतला. पण बायको-मुले अमेरिकेत असलेल्या माणसाला परतणे भाग होते. 1847 मध्ये ते परतले आणि पुढच्याच वर्षी, पलायनाला दहा वर्षे झाली तेव्हा, त्यांनी आपल्या वृत्तपत्रात जुन्या मालकाला नाव घेऊन जाहीर पत्र लिहिले.