बालसैनिकांचं आयुष्य कसं असतं? ती मुलं पळून का जात नाहीत?

पळतात की! हजारो पळाली. पण तुमच्या प्रश्नातला हा 'का'च खरा अवघड आहे. युगांडाच्या उत्तर भागातल्या लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर टोळीबद्दल माझं त्यातल्या त्यात जास्त वाचन झालंय, म्हणून तिथलंच सांगतो.

जोसेफ कोनीच्या या टोळीत बहुतेक मुलं घरातून, शाळेतून उचलून नेलेली असत. धास्ती एवढी, की गुलूच्या आसपासच्या खेड्यांतली पोरं रोज संध्याकाळी चालत शहरात येऊन झोपायची आणि सकाळी परत जायची.

एकदा पकडलं की डोक्यावर लुटीचं धान्य आणि नुसती चाल. मागे पडेल त्याचा जीव जाई. पळताना कुणी सापडला तर त्याला ठार मारायचं काम बरोबरच्या मुलांनाच देत. काहींना स्वतःच्या गावातल्या, नात्यातल्या माणसांवर हात उचलायला लावलं. यात क्रौर्य आहेच, पण त्याहून जास्त हिशेब आहे. असं काही हातून घडल्यावर पोर गावात कुठल्या तोंडाने जाणार? मग त्याला बांधून ठेवायची गरज उरत नाही.

बंदूक तर पुष्कळांच्या वाट्याला फार उशिरा येते. आधी पाणी, लाकडं, ओझी, पहारा. मुलींना कमांडरांच्या 'बायका' म्हणून वाटून देत. (बालसैनिक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त मुलगा येतो, हेही चूकच.) 1996 मध्ये अबोकेच्या शाळेतून 139 मुली नेल्या. शाळेतल्या नन सिस्टर राकेले फसेरा टोळीच्या मागावर जंगलात गेल्या आणि 109 जणींना सोडवून आणलं. 30 मात्र टोळीने ठेवून घेतल्या.

परतलेल्यांसाठी युगांडाने 2000 मध्ये माफीचा कायदा केला. तिथल्या अचोली लोकांत परत आलेल्याला अंड्यावर पाय ठेवून घरात घेण्याचा जुना विधी आहे, तोही पुष्कळांसाठी झाला. तरी शेजारपाजारचे टोमणे थांबतातच असं नाही.

डॉमिनिक ओंगवेनला शाळेत जाताना याच टोळीने पळवलं तेव्हा तो साधारण नऊ वर्षांचा होता. पुढे तोच कमांडर झाला. 2021 मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला 25 वर्षांची शिक्षा दिली. सिद्ध झालेल्या गुन्ह्यांत 15 वर्षांखालच्या मुलांना लढाईत ओढणं हाही होता. त्याचं बालपण लक्षात घेऊन न्यायाधीशांनी जन्मठेप टाळली. मला हा निकाल पटतो. त्याने उचललेली पोरंही नऊ-दहा वर्षांचीच असतील ना?